थोरलीचा घास

ठकूबाईंनी पाटीच्या झाकणावर तीन थापा मारल्या, आणि चाळणीने त्या तिन्ही थापा निकालात काढल्या.

चाळण म्हणजे तुमच्या-आमच्या घरातली पीठ चाळायची नव्हे. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत हृषीकेश ताम्हणकर नावाच्या माणसाने सात वर्षं रक्त आटवून केलेलं हे यंत्र. कॅमेऱ्याचे आठ डोळे, वास आणि रसायनं ओळखणाऱ्या पट्ट्या, आणि मागे गणितं करणारा अगडबंब संगणक. एखादा कारागीर काम करत असला की चाळण नुसती बघत बसायची. मग तेच काम ती आपल्या पोटात पुन्हा उभं करायची, पाणी, उष्णता, रसायनं सगळ्यासकट, आणि एकेक पायरी गाळून पाहायची. ही पायरी गाळली तर शेवटी हाती येणाऱ्या वस्तूत फरक पडतो का? पडला तर पायरी ठेवायची, नाही पडला तर काढून टाकायची. दोन वर्षांत तिने हातकागद करणाऱ्यांचं आणि कातडं कमावणाऱ्यांचं काम निम्म्या वेळात आणलं होतं, आणि त्यावर सगळे खूश होते.

आता २०५३ सालच्या आश्विनात ही बया अकोले तालुक्याच्या डोंगरात, आंबेदऱ्याच्या ओढ्याकाठी, ठकूबाई बांबळे यांच्याकडे डोळे वटारून बसली होती.

"किती येळ बघतंय गं ते?" ठकूबाईंनी लेकीला विचारलं. "डोळं तरी मिटतं का नाय?"

"नाही मिटत, आये. तू तुझं काम कर."

"मी करतीच हाये. त्यालाच काय काम नाय."

लेक म्हणजे रेवती. आंबेदऱ्यात जन्मली, आश्रमशाळेत शिकली, पुण्याला जाऊन अन्नशास्त्रात डॉक्टर झाली, आणि आता कंद प्रकल्पाची प्रमुख होऊन आपल्याच वाडीत परत आली होती. प्रकल्प निघाला तो भातावरच्या नव्या करप्यामुळे. कुठल्याच औषधाला हा करपा दाद देत नव्हता. तीन वर्षं डोंगरातल्या बेचाळीस वाड्यांत भाताची लोंबी भरली नव्हती, नाचणीनेही मान टाकली होती. सरकारी तांदूळ पौषापर्यंत कसाबसा पुरला असता. त्यापुढे काय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. डोंगरात मुबलक उगवत होता तो फक्त कडू कंद.

हा कंद मोठा इरसाल. पाऊस कमी पडो, जास्त पडो, करपा येवो, हा आपला मजेत. पण कच्चा खाल्लात तर आतडी पिळवटून ओकाऱ्या होतात. आणि अर्धामुर्धा धुतलेला रोज थोडा थोडा पोटात गेला, तर तो गुपचूप यकृत खातो. तोंडाला कडू लागत नाही म्हणजे विष गेलं, असंही नाही.

ते विष काढायची रीत आंबेदऱ्याला ठाऊक होती. चौदा पायऱ्यांची. कंद सोलायचा, पातळ चकत्या करायच्या, त्यांना राख चोळायची, राखेच्याच पाण्यात उकळायच्या, ते पाणी उगवतीकडे तोंड करून फेकायचं. मग चकत्या दगडाखाली दाबून ठेवायच्या, बांबूच्या पाटीत भरायच्या, झाकणावर तीन थापा मारायच्या आणि पाटी वाहत्या ओढ्यात बांधून ठेवायची. सकाळी पाटीची कूस बदलायची, म्हणजे खालची बाजू वर. असं करत करत दुसरी उकळी झाली की कंद ताटात पडायचा. पण खायचा कुणी? तर वाडीतल्या सगळ्यांत थोरल्या बाईने. तिने एक घास खाऊन उंबऱ्यात बसायचं. छपराची सावली सरकत सरकत अंगणातल्या उखळाला टेकेपर्यंत बाकी कुणी ताटाला हात लावायचा नाही. घर कुणाचंही असो, पहिला घास थोरलीचा. गेली अकरा वर्षं ही थोरली म्हणजे ठकूबाई.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या खोलीत हृषीकेशने निकाल वाचला.

"चौदापैकी आठ कामाच्या, सहा बिनकामाच्या," तो हात चोळत म्हणाला. "उगवतीकडे पाणी फेकणं, तीन थापा, हे तर उघडच आहे. पण दगडाखाली दाबणं, कूस बदलणं आणि दुसरी उकळीसुद्धा! आठ पायऱ्यांतच विष सुरक्षित मर्यादेच्या खाली जातं. आणि शेवटचा तो घास. त्याने तर कंदात काहीच हलत नाही. काही पायऱ्यांत निदान दशांशाच्या मागे कुठेतरी आकडा हलतो, इथे शून्य म्हणजे शून्य."

रेवती हसली, पण चेहरा जरा पडलाच. आपली आई जन्मभर सहा पायऱ्या उगाच करत आली, हे ऐकायला कुणाला बरं वाटेल?

हृषीकेशच्या ते लक्षात आलं. माणूस पन्नाशीचा, बडबड्या, पण मनाचा चांगला. "अगं, वाईट काय वाटून घेतेस? माणूस असाच आहे. तो पेटीचा प्रयोग आठवतो ना? पेटीत खाऊ. मोठा माणूस आधी काठीने पेटीच्या डोक्यावर टकटक करतो, मग खालचं दार उघडून खाऊ काढतो. पेटी काळी असली तर चिंपांझीचं पिल्लूही टकटक करतं आणि आपलं मूलही करतं. मग पेटी काचेची आणतात. आता साफ दिसतं की टकटक वर, खाऊ खाली, दोघांचा काडीचा संबंध नाही. चिंपांझी टकटक सोडतो आणि थेट दार उघडतो. आणि आपलं शहाणं बाळ? चार वर्षांचं, आईला गोष्टी सांगणारं? ते आधी इमानेइतबारे टकटकच करतं!"

"म्हणजे चिंपांझी हुशार ठरला की."

"त्या खोलीत तरी हुशारच. पण चिंपांझीला एका जन्मात स्वतःला जे उमगेल, त्याच्या फार पुढे जाता येत नाही. आपल्याला हजार पिढ्यांचं आयतं मिळतं, कारण आपण 'का' न विचारता आधी उचलतो. राख का लावायची, हे विचारत बसलेलं पोर लाखभर वर्षांपूर्वीच मेलं असेल. न विचारता लावली ते जगलं. आपण त्याच्या वंशातले. आता सोबत चार टकटका येणारच. त्या वेगळ्या करायला माझी चाळण आहे."

रेवतीला हे पटलं. पटण्यासारखंच होतं. आठ पायऱ्या म्हणजे कंद अडीच दिवसांऐवजी एका दिवसात तयार, आणि बेचाळीस वाड्यांना पौषाच्या आत पीठ. महिन्याभरात ओढ्याच्या खालच्या अंगाला कंदघर उभं राहिलं आणि पहिलं पीठ पिशव्यांत भरलं गेलं. प्रत्येक घाण्याची तपासणी, प्रत्येक अहवाल स्वच्छ. रेवतीने स्वतः महिनाभर त्याच पिठाच्या भाकरी खाल्ल्या. तिला ढेकरसुद्धा वेगळी आली नाही.

त्याच सुमाराला आरोग्य तपासणीचं पथक वाडीत आलं, आणि तिसऱ्या दिवशी संगमनेरच्या डॉक्टरबाईंचा रेवतीला फोन आला.

"तुमच्या आईंचं यकृत खूप थकलंय," त्या म्हणाल्या. "दारू नाही, कावीळ नाही. बरीच वर्षं काहीतरी थोडं थोडं पोटात जातंय. काय खातात त्या?"

रेवती मनातल्या मनात मोजायला लागली. काय खातात? वाडीतली एकतीस घरं. हंगामात रोज कुणाच्या ना कुणाच्या घरचा पहिला घास, अकरा वर्षं. आणि त्यातला ज्या ज्या घरचा कंद नीट धुतला गेला नव्हता, तो बाकी सगळ्यांनी ओढ्यात फेकून दिला होता. कारण थोरलीला मळमळलं होतं.

तिला आजी आठवली. बापाची आई. शेवटी शेवटी तिचे डोळे पिवळेधमक झाले होते, आणि बायका म्हणाल्या होत्या, "थोरलीला हळद लागली." लग्नातली हळद पहिली आणि ही दुसरी. केवढ्या मानाने म्हणाल्या होत्या! आजीच्या आधीच्या चिमाबाईलाही हळद लागली होती म्हणे. लहानपणी हे ऐकून रेवतीला वाटायचं, म्हातारं झालं की डोळे पिवळे होतातच.

ती तडक घरी आली. ठकूबाई ओट्यावर पावटे सोलत होत्या. रेवतीने त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. डोळ्यांच्या कडा पिवळसर झाल्या होत्या. रोज समोर असून तिने पाहिल्या नव्हत्या.

"आये, आजीला हळद कशानं लागली ते तुला ठाऊक होतं?"

ठकूबाईंनी हनुवटी सोडवून घेतली. "न कळायला मी काय दूधखुळी हाये?"

"मग तू का खात राहिलीस?"

"मंग कुणी खायाचं? तू?" त्या पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. "जिची पोरं हाताशी आली तिनं खायाचं. ती गेली तरी चूल चालू ऱ्हाती. माझ्या सासूनं मला आसंच सांगितलं. तिला तिच्या सासूनं. त्यात काय येवढं?"

"त्यात काय एवढं?" रेवतीचा आवाज फाटला. "मला आई आहे ती एकच आहे! डॉक्टर म्हणतात, यापुढे कडू कंदाचा एक घाससुद्धा नको. ऐकतेस ना? एक घास नको! आता कंदघर आहे, यंत्र आहे, तपासणी आहे. कुणाला पहिला घास खायची गरजच उरलेली नाही."

"बरं बाय," ठकूबाई म्हणाल्या. एवढ्या लगेच त्या कधी कुठल्या गोष्टीला 'बरं' म्हणत नसत.

पीठवाटपाचा दिवस उजाडला. पहिलं वाटप आंबेदऱ्यात, ठकूबाईंच्याच अंगणात. बाकीच्या वाड्यांतूनही माणसं बघायला आली होती. चुलीवर पिठाच्या भाकऱ्या भाजून झाल्या, पिशव्या रचल्या, हृषीकेशने चार शब्द सांगितले. मग रेवती म्हणाली, "या, घ्या." आणि कुणी हललंच नाही.

वाडीचे सोमातात्या, ऐंशीच्या घरातले, खांबाला टेकून बसले होते. या माणसाला मुद्द्याचं बोलायची वाईट खोड. "थोरलीनं घास घेतला का?"

"तात्या, आता त्याची जरूर नाही," रेवती म्हणाली. "यंत्राने तपासलंय. मी स्वतः महिनाभर खातेय."

"तू कालची पोरगी. आन् तू तिकडं खाल्लंस, आमी काय बघितलं नाय."

तेवढ्यात ठकूबाई उठल्या. पदर खोचला आणि भाकरीच्या टोपल्याकडे निघाल्या. रेवती मध्ये आली आणि तिने टोपलं आपल्या मागे ओढलं.

"आये, नाही."

"का?" ठकूबाईंनी शांतपणे विचारलं. "तुझ्या यंत्रानं इख काढलं ना?"

"काढलं."

"समदं?"

"मर्यादेच्या खाली आहे."

"मंग दे की मला. एकच घास तर हाये."

अख्खं अंगण बघत होतं. रेवतीच्या कानात डॉक्टरबाईंचे शब्द होते, डोळ्यांपुढे आजीचे डोळे होते. हात टोपल्यावरून निघत नव्हता. शेवटी ती एवढंच म्हणाली, "नाही देणार."

सोमातात्या खांबाचा आधार घेऊन उभे राहिले. ते रागावले नव्हते, आणि त्याचंच रेवतीला जास्त लागलं. "आमच्या लेकरांना द्यायला निघालीस," ते म्हणाले, "आन् तुझ्या आईला देत नाहीस. मंग आमी काय समजावं, बाय?"

माणसं एकेक करून उठली. कुणी शिवी दिली नाही, पिशवीला लाथ मारली नाही, नुसती निघून गेली. चार दिवसांत बातमी बेचाळीसही वाड्यांत पोचली. पीठ कंदघरात तसंच पडून राहिलं, आणि पौष पंधरा दिवसांवर आला.

"अडाणीपणा आहे हा निव्वळ," हृषीकेश वाटपाच्या दुसऱ्या दिवशी येरझाऱ्या घालत म्हणाला. "पीठ शुद्ध आहे!"

"मग मी का नाही दिला?"

"अगं, आई आहे ती तुझी. भावना असते माणसाला."

"नुसती भावना नव्हती, सर." रेवती रात्रभर जागीच होती, तिचे डोळे सुजले होते. "मला खात्री नव्हती. अन्नशास्त्रातली डॉक्टर मी, माझी स्वतःची सही आहे अहवालावर, आणि मला खात्री नव्हती. तो मर्यादेचा आकडा कुठून घेतला आपण?"

"नेहमीचाच तो. निरोगी प्रौढ माणूस, वजन साठ किलो."

"या डोंगरात साठ किलोचा माणूस दाखवा मला," रेवती म्हणाली. "आये चव्वेचाळीस किलो आहे, आणि तिचं यकृत तसलं. तीन वर्षं अर्धपोटी राहिलेली लेकरं आहेत, बाळंतिणी आहेत. ही माणसं काही चवीला एक भाकरी खाणार नाहीत. अख्खा उन्हाळा दोन्ही वेळा हेच खाणार. तुम्हीच म्हणाला होतात ना, दशांशाच्या मागे कुठेतरी आकडा हलतो म्हणून? कुठे हलतो?"

हृषीकेश थांबला. खुर्ची ओढून बसला आणि चाळणीचे जुने आकडे उघडले. चाळण खोटं बोलली नव्हती. तिला विचारलं होतं की मर्यादा ओलांडली जाते का, आणि तिने सांगितलं होतं, नाही. मर्यादेच्या आत विष थोडं आहे की जवळजवळ नाहीच, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"मी गाढव आहे," तो म्हणाला. "मला वाटलं, पेटी काचेची आहे."

मग दोघांनी कंबर कसली. बारा दिवस. मर्यादा शंभर पटीने खाली आणली आणि गाळलेली एकेक पायरी पुन्हा घालून पाहिली. हे काम नुसत्या चाळणीच्या पोटात होण्यासारखं नव्हतं. खरा कंद, खरा ओढा, खरा हात हवा होता, आणि हात अर्थातच ठकूबाईंचा. त्या दिवसभर ओढ्याकाठी उभ्या राहून हुकूम सोडायच्या. पुण्याचा ताम्हणकर गुडघाभर पाण्यात पाटीची कूस बदलायचा आणि दर वेळी त्यांच्या शिव्या खायचा.

"आवो मास्तर, पाटी हाये ती, नवरी नाय! जरा जोरानं उलथवा!"

दगडाखाली चकत्या दाबल्या की त्यांच्या शिरांमधलं पाणी निघून जात होतं आणि त्याबरोबर आत दडून बसलेलं विषही. कूस बदलली नाही तर पाटीच्या मधल्या चकत्यांना ओढ्याची धार लागतच नव्हती. आणि दुसऱ्या उकळीत उरलंसुरलं निघत होतं. तिन्ही पायऱ्या परत आल्या. विष एवढं खाली गेलं की पट्ट्यांना ते सापडेना. तीन थापा आणि उगवतीचं पाणी मात्र होतं तिथेच राहिलं. शंभरदा तपासलं, हजार पटीने तपासलं, त्या थापांनी कंदाचं काहीही होत नव्हतं.

एका दुपारी ओढ्याकाठी भाकरी खाताना ठकूबाईंनी हृषीकेशला विचारलं, "मास्तर, तुमी त्या जनावरांचा अभ्यास करता. त्यांच्यात म्हाताऱ्या आसत्यात का?"

"फार थोड्या, मावशी. चिंपांझीची मादी पिल्लं व्हायची थांबली की बहुतेक दोन-चार वर्षांत जातेच. बाळंतपणं संपल्यावर पुढे तीस-तीस वर्षं जगणारी बाई आपल्यातच. आणि काही देवमाशांत."

"आन् का बरं?"

"नक्की कुणाला सांगता येत नाही. पण काही शास्त्रज्ञ म्हणतात, कंदांमुळे. खोल गेलेला कंद लहान पोरांना खणता येत नाही, आणि आईच्या काखेत तान्हं असतं. मग खणणार कोण? म्हातारी. ज्या घरात खणणारी म्हातारी, त्या घरातली नातवंडं जगली. तिचं लांब आयुष्य त्यांच्याकडे आलं, आणि आपण असे झालो."

ठकूबाई मोठ्याने हसल्या. "आये माझे! म्हंजी समद्या माणसांना आमीच वाढवलं म्हणा की!"

"तसंच म्हणायचं."

"ऐकलंस का गं रेवे? आन् तू मला घास नाय देत!"

रेवती हसली नाही. तिने नव्या अहवालाचा कागद डॉक्टरबाईंना कालच पाठवला होता. उत्तर सकाळीच आलं होतं. एवढं कमी असेल तर माझी हरकत नाही, त्यांनी लिहिलं होतं, पण कंद खरोखरच तेवढा स्वच्छ आहे, ही खात्री तुम्ही द्यायची.

पौष लागला. सरकारी तांदळाची शेवटची पोती उघडली गेली. रेवतीने स्वतःच्या हाताने कंद केला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पहिलं पाणी फेकताना तिचे पाय आपसूक उगवतीकडे वळले. पाटी भरली, झाकण लावलं, आणि तिच्या हाताने झाकणावर तीन थापा मारल्या.

मागे हृषीकेश फिस्सकन हसला. "त्याने काही होत नाही हं."

"माहीत आहे," रेवती म्हणाली, आणि पाटी ओढ्यात सोडली.

दोन दिवसांनी सकाळी तेच अंगण. या वेळी माणसं कमी होती. सोमातात्या होते, त्याच खांबाला टेकलेले. रेवतीने भाषण केलं नाही. चुकलं काय ते चार वाक्यांत सांगितलं. आकडा साठ किलोच्या माणसाचा धरला होता, तीन पायऱ्या गाळायला नको होत्या, जुनं सगळं पीठ आम्ही पुन्हा धुवायला पाण्यात घातलंय. मग तिने ताटातला कंदाचा तुकडा उचलला.

सगळ्या पट्ट्या कोऱ्या होत्या, सगळे आकडे पाठ होते, तरी तिने तो उलटसुलट करून पुन्हा पाहिला. काय सांगावं, तिला वाटलं, अजून एखादी गोष्ट आपण विचारलीच नसेल तर? पण उद्या तिला तोच तुकडा दुसऱ्या कुणाच्या आईसमोर धरायचा होता.

"आये, आ कर," ती म्हणाली.

ठकूबाईंनी घास घेतला. सावकाश चावला, गिळला, आणि उंबऱ्यात जाऊन मांडी घालून बसल्या. रेवती त्यांच्या शेजारी जागा करून बसली.

"तू का बसलीस? इथं थोरली एकटीच बसती."

"बसू दे."

ठकूबाईंनी जरा सरकून घेतलं. सावली उंबऱ्याच्या कडेशी होती, उखळ दहा हातांवर. रेवती आईच्या कपाळावर घाम येतो का बघत होती, ओठ सुकतात का बघत होती, दर पाच मिनिटांनी नाडी धरत होती. तिसऱ्यांदा धरल्यावर ठकूबाईंनी हात झटकला.

"आगं, धडधड माझी नाय, तुझी लागतीये तुला."

अंगणात कुणीतरी हसलं. सावली ओटा उतरून अंगणात आली. ठकूबाई म्हणाल्या, "माझ्या सासूचा पहिला घास मी बघितला तवा तू पोटात व्हतीस. मला वाटलं, ही म्हातारी कशाला येवढा जीव धोक्यात घालती? मंग ती उठली आन् तिनं पयलं ताट मला वाढलं. मी पोटुशी म्हणून." थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, "तवापास्नं मी 'का' म्हणून इचारलं नाय." रेवतीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिने ते पुसलंही नाही.

सावली सरकली. ती उखळाच्या वीतभर अलीकडे आली. मग बोटभर. मग टेकली.

सगळ्यांच्या माना ठकूबाईंकडे वळल्या. त्यांनी पाय मोकळे केले, कंबर चोळली आणि जांभई दिली.

"काय वाटतंय, आये?" रेवतीने विचारलं.

"काय वाटायचंय? भूक लागली." त्या कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "आन् मीठ इसरलीस. येवढे आठ डोळे तुझ्या यंत्राला, मीठ नाय दिसलं व्हय?"

अंगणात हशा फुटला. त्या हशातच सोमातात्या खांब सोडून पुढे आले आणि त्यांनी ताट पुढे केलं. त्यांच्यामागे बाकीचे. रेवती वाढत राहिली, रडत आणि हसत. मीठ आणायला कुणीतरी आत पळालं.

त्या हंगामात बेचाळीस वाड्यांत बेचाळीस थोरल्यांनी पहिला घास खाल्ला, आणि एकीलाही मळमळलं नाही. हृषीकेशने चाळणीतली नोंद बदलायची म्हणून उघडली. शेवटच्या पायरीपुढे अजून तेच लिहिलेलं होतं, फरक शून्य. त्याने खूप विचार केला आणि ते तसंच ठेवलं, कारण ते खरंच होतं, कंदापुरतं. फक्त यंत्राने गाळलेल्या पायरीवर काट मारायच्या आधी ती करणाऱ्या माणसांना विचारायचं, असा नियम त्याने स्वतःला घालून घेतला.

फाल्गुनात रेवती आईला तपासणीला संगमनेरला घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी ठकूबाईंची खालची पापणी ओढून पाहिली, मग दुसऱ्या डोळ्याची, आणि रेवतीला जवळ बोलावलं. रेवती वाकली. कडेचा पिवळेपणा पुष्कळ उतरला होता.

"काय दिसतंय गं?" ठकूबाईंनी विचारलं.

"पांढरं दिसतंय, आये."

"मंग काय निळं दिसायचंय?" ठकूबाई म्हणाल्या, आणि चप्पल शोधायला लागल्या. उद्या वाडीतल्या भिमाबाईच्या घरचा, पट्टीवर तपासलेला कंद होता, आणि पहिल्या घासाला उशीर झालेला त्यांना चालत नसे.